झाडांचा फिश टँक: आधी दगड, मग पाणी, मासे सगळ्यात शेवटी

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचं पाणी हिरवं का पडतं हे ज्याला समजलं, त्याला प्लांटेड टँकचं, म्हणजे खरी झाडं लावलेल्या फिश टँकचं, निम्मं शास्त्र समजलं. तळ्यात नाल्यांतून सांडपाणी येतं, त्याच्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, आणि वर ऊन तर आहेच. फुकटचं खत आणि फुकटचा उजेड मिळाला की तो कुणीतरी खाणारच. कधी ते पाण्यात मिसळून राहणारं बारीक शेवाळ असतं, तर कधी दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी. घरातल्या दोन फुटी काचेच्या टँकमध्येही हेच घडतं. सांडपाण्याच्या जागी माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं, उन्हाच्या जागी एलईडी. प्लास्टिकची झाडं, निळे खडे आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या ठेवलेल्या टँकची काच पुन्हा पुन्हा हिरवी होते, कारण ते खत खायला शेवाळाशिवाय तिथे दुसरं कुणी नसतं.

प्लांटेड टँकमध्ये ते काम खऱ्या झाडांवर सोपवलेलं असतं. झाडं जोमात असतील तर शेवाळाला फारसं काही उरत नाही. म्हणून मी याला माशांचा छंद म्हणतच नाही, हे पाण्याखालचं बागकाम आहे. दुकानात जाऊन आधी मासे उचलायचे आणि मग त्यांच्यासाठी टँक शोधायचा, ही उलटी सुरुवात झाली.

या प्रकाराला आज जगभर जे रूप आहे, ते मुख्यतः ताकाशी अमानो या जपानी माणसामुळे. निइगाता प्रांतातला हा गडी आधी व्यावसायिक सायकलपटू होता, मग निसर्गाचे फोटो काढू लागला, आणि १९८२ साली त्याने टँकचं सामान बनवणारी कंपनी काढली. त्याच्या आधी, १९३०च्या दशकापासून, नेदरलँड्समध्ये झाडांचे टँक होतेच, पण ते रंगीत पानांच्या वाफ्यांसारखे, दगडांना त्यात फारशी जागा नव्हती. अमानोने दगड आणि ओंडके आणले, आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा आणली. २०१५ साली वारण्याआधी त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटर पाण्याचा टँक मांडला. आपण ६५ लिटरचं बोलू.

दगडांची मांडणी

अमानोने लोकप्रिय केलेल्या दगडांच्या शैलीला इवागुमी म्हणतात. दगड विषम संख्येत घ्यायचे, तीन, पाच किंवा सात. त्यातला एक मुख्य, सगळ्यात उंच आणि देखणा. तो मध्यावर कधीच ठेवायचा नाही. टँकची लांबी ६० सेंटिमीटर असेल तर एका कडेपासून साधारण २० ते २३ सेंटिमीटरवर, आणि किंचित कललेला. ओढ्यात वाहत्या पाण्याने दगड एका बाजूला झुकतात, तसा. बाकीचे त्याच्या खालोखाल उंचीचे, त्याच दिशेला मान वळवलेले. सगळ्यात लहान दगड पुढे, अर्धे मातीत गाडलेले. शेवटी ते झाडांखाली दिसेनासे झाले तरी चालतं.

नियम पाठ करण्यापेक्षा आपल्याकडच्या डोंगराचे शब्द डोळ्यांसमोर आणावेत असं मला वाटतं. कडा, सोंड, खिंड, घळ, पठार. गगनबावड्याच्या घाटात उभं राहून समोर पाहिलं की कड्यापासून सोंड कशी उतरते आणि दोन सोंडांच्या मध्ये घळ कशी तयार होते, ते दिसतं. टँकमध्येही एक कडा, त्यातून उतरणारी एक सोंड आणि कडेला सरकलेली एक खिंड एवढं पुरतं. नवशिके पाच कडे आणि चार खिंडी करतात आणि शेवटी तो रचलेल्या दगडांचा ढीग दिसतो.

सगळे दगड एकाच जातीचे हवेत. त्यांच्या रेषा, थर, भेगा एकाच दिशेने वळवायच्या. एका दगडाचे थर आडवे आणि शेजारच्याचे उभे असतील तर नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. पाणी भरण्याआधी टँकच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्यात वाळू पसरावी आणि आठवडाभर दगड हलवत बसावं. रोज येता-जाता नजर पडते आणि चुकलेला दगड आपोआप समजतो.

दगडाच्या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो पाण्यात विरघळत नाही, पाण्याचा गुण बदलत नाही, आणि ओला झाल्यावर त्याचा काळा रंग हिरव्या पानांमागे फार उठून दिसतो. फक्त एक गोष्ट जवळून बघायची. काही दगडांत पांढरे ठिपके, डोळे, गोट्या दिसतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्या खनिजांनी भरल्या. त्यात झिओलाइट असेल तर काही बिघडत नाही. पण काही ठिकाणी कॅल्साइट असतं, आणि कॅल्साइट म्हणजे चुनाच. त्या पांढऱ्या जागेवर खिळ्याने थोडं खरवडा, भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि डोळा जवळ नेऊन बघा. बारीक फेस आला तर चुना. एखादा ठिपका चालतो, पण सगळा दगड असा असेल तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, होत जाणार. संगमरवराचे तुकडे, शिंपले, पांढरे चुनखडीचे गोटे यांना याच कारणासाठी बाहेर ठेवायचं.

दगड आणायचे कुठून? किल्ल्यावरून नाही आणि दाजीपूरच्या जंगलातून तर मुळीच नाही. अभयारण्यातून काहीही उचलणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि पन्हाळ्याचा दगड हा पन्हाळ्याचाच आहे. खाणीवर, क्रशरवर किंवा बांधकामाचा दगड विकणाऱ्याकडे पायलीला पन्नास मिळतात. हवे तसे निवडून घ्या, ब्रशने घासा, उन्हात वाळवा.

वजनाचा हिशेबही इथेच करावा. ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरच्या टँकमध्ये ६५ लिटर पाणी मावतं, म्हणजे ६५ किलो. त्यात दगड, वाळू आणि ८ मिलिमीटर काचेचं वजन धरलं की सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास जातं. टीव्हीच्या शोकेसवर हे ठेवायचं नाही. शिवाजी उद्यमनगरात अँगलचं स्टँड वेल्ड करून घ्या, पाणसळ लावून सपाट करा आणि वर थर्माकोलची शीट टाकून मग टँक ठेवा. मोठे दगड माती टाकण्याआधीच, तळाला प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा अंथरून त्यावर बसवावेत. मातीवर ठेवलेला दगड पुढे मुळांमुळे किंवा खणणाऱ्या माशांमुळे सरकतो, आणि काचेवर पडणाऱ्या दगडाला दुसरी संधी नसते.

मातीत काय घालायचं

दुकानात तयार अ‍ॅक्वा सॉइल मिळते. भाजलेल्या मातीच्या गोळ्या त्या, खत त्यातच असतं आणि पाणी किंचित आम्लधर्मी ठेवतात. महाग आहे, पण काम चोख. एक लक्षात ठेवा, पहिले काही आठवडे त्यातून अमोनिया सुटतो, तेव्हा मासे टाकायचे नाहीत. स्वस्तातला मार्ग म्हणजे खाली दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली बागेची माती किंवा कुजलेलं गांडूळखत मिसळलेली माती, आणि वर धुतलेली दोन-तीन मिलिमीटरची वाळू. आपली काळी कसदार माती इथे मात्र त्रास देते, कारण ती पाण्यात फुगते आणि जरा हलली की टँक चहासारखा होतो. त्यापेक्षा तांबडी माती बरी. राधानगरी, गगनबावड्याकडचा जांभा लोहाने भरलेला असतो, आणि युरोपातले छंदी लोक अशाच जांभ्याची भुकटी वाळूखाली घालत आले आहेत, मुळांना लोह मिळावं म्हणून.

समोर दोन-तीन सेंटिमीटर आणि मागे दहा, असा उतार द्या. एवढ्याने एक फूट खोल टँक दीड-दोन फुटांचा वाटू लागतो.

प्रकाश, वायू आणि खत

लोक पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात ते इथे, म्हणून जरा सावकाश.

झाड प्रकाशावर साखर बनवतं, पण साखरेतला कार्बन त्याला कार्बन डायऑक्साइडमधून घ्यावा लागतो. हवेत हा वायू पानापर्यंत सहज पोचतो. पाण्यात त्याची हालचाल सुमारे दहा हजार पटींनी मंद असते, आणि उघड्या टँकच्या पाण्यात तो लिटरला जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम असतो. अशा टँकवर भारीतला दिवा लावणं म्हणजे भुकेली पंगत बसवायची आणि वाढायला भातच नाही. झाडं चालढकल करत बसतात, आणि कमीत भागवणारं शेवाळ जेवून घेतं. शेतीत लीबिगचा नियम म्हणतात तो हाच, जो घटक सगळ्यात कमी, तोच वाढ ठरवतो. म्हणून प्रकाश हा आधी आवरायचा, मग वाढवायचा. ६५ लिटरला सुरुवातीला हजार-दीड हजार ल्युमेनचा, ६५०० केल्विनचा साधा एलईडी आणि दिवसाला सहा तास. वेळ टायमरवर सोडा, तुमच्या आठवणीवर नको. खिडकीतलं थेट ऊन टँकवर येऊ देऊ नका.

अन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस, व्हॅलिसनेरिया एवढ्या सोशिक झाडांवर समाधानी असाल तर वायूचा सिलिंडर लागतच नाही. मी नवख्याला हेच सांगतो. पण समोर हिरवळीसारखा गालिचा हवा असेल किंवा रोटाला या झाडाची पानं लालसर हवी असतील, तर कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो, लिटरला २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत.

तो द्यायचे दोन रस्ते. प्लास्टिकच्या बाटलीत साखरेचं पाणी आणि चिमूटभर यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, तो नळीने टँकमध्ये न्यायचा. साखरेऐवजी गूळही चालतो, रसायनशास्त्र तेच, पण कोल्हापुरी गूळ यीस्टला घालायला मन धजावत नाही. यात वायू कमी-जास्त होतो आणि रात्रीही बंद होत नाही. दुसरा रस्ता सिलिंडरचा. आपल्या फाउंड्र्यांमध्ये वाळूचे कोअर, म्हणजे साच्यातले गाभे, कडक करायला हाच वायू वापरतात, वर्कशॉपांत वेल्डिंगलाही वापरतात, त्यामुळे भरून देणारे शहरात आणि एमआयडीसीत सापडतात. रेग्युलेटर चांगला घ्या, सिलिंडर उभाच आणि बांधून ठेवा, बंद कपाटात कोंडू नका. दिवा लागायच्या तास-दोन तास आधी वायू सुरू आणि दिवा विझायच्या तासभर आधी बंद. रात्री झाडंही प्राणवायूच घेतात, त्यात वायू चालू राहिला तर सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड काढून उभे दिसतील. प्रमाण कळायला ड्रॉप चेकर म्हणून काचेची छोटी कुपी टँकमध्ये लावतात. त्यातलं द्रावण निळं असेल तर वायू कमी, हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं झालं तर लगेच कमी करा. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढा धीर धरायचा.

सगळं जुळलं की दिवा लागून तीन-चार तासांनी एक गोष्ट बघायला मिळते. रोटालाच्या पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढा चंदेरी थेंब धरतो, फुगतो, सुटतो आणि सरळ वर जातो. मग शेजारच्या पानाखाली दुसरा. पाण्यात प्राणवायू आता आणखी विरघळायला जागा नसते, म्हणून तो बुडबुडा होऊन बाहेर पडतो. एअरपंपाचे बुडबुडे आणि हे, यात फरक बघितल्याशिवाय कळत नाही.

आता खत. उसाला ठिबकमधून विद्राव्य खत देणाऱ्याला इथे नवीन काही नाही. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०-५२-३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. छोट्या बाटल्यांत हजार रुपयांना विकलं जाणारं द्रवखत बहुतेक वेळा याच मिठांचं पाणी असतं. ६५ लिटरमध्ये एक ग्रॅम १३-०-४५ टाकलं की लिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. कमी प्रकाशाच्या टँकला आठवड्याला एवढं भरपूर. ०-५२-३४ मात्र दहावा भागच, म्हणजे ०.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातला तराजू त्याला चालत नाही. दहा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले दहा मिलिलिटर मोजून घ्यायचे. युरिया, १९-१९-१९ आणि १२-६१-० या तिघांना टँकच्या आसपास फिरकू देऊ नका. त्यांतला बहुतेक नायट्रोजन अमोनियाच्या किंवा युरियाच्या रूपात असतो आणि माशांचा जीव जातो. सूक्ष्म अन्नद्रव्यांची पावडरही जपून घाला, तिच्यातलं तांबं जास्त झालं तर झिंगे टिकत नाहीत.

खत घालताय तर आठवड्याला अर्धं पाणी बदला. खत साचून प्रमाण वाढत जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी बादली रात्रभर उघडी ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घाला. नळाचं पाणी नदीचं आणि धरणाचं, ते बोअरच्या पाण्यापेक्षा बहुधा हलकं असतं. बोअरशिवाय पर्याय नसेल तर जड पाण्यातही तग धरणारी व्हॅलिसनेरियासारखी झाडं निवडा.

झाडं लावताना

पहिल्याच दिवशी गच्च लावा. तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाकला गेला पाहिजे. चार काड्या लावून वाढायची वाट बघितली तर त्या काळात शेवाळ घर करतं. भराभर वाढणारी हायग्रोफिला किंवा हायड्रिला सुरुवातीला भरपूर घाला, पुढे काढून टाका. मोठ्या पानांची झाडं पुढे, बारीक पानांची मागे, असं केलं की अंतर जास्त भासतं. अन्युबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद मातीत गाडला की तो कुजतो. त्यांना दगडाच्या भेगेत दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकच्या एका थेंबाने चिकटवा. क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठवड्यात पानं गळून पडली तर उपटून फेकू नका. बरीच झाडं रोपवाटिकेत हवेत वाढवलेली असतात, पाण्यात आल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि नवी, पाण्यातली पानं काढतात. मुळं तग धरून असतात.

कापलेल्या फांद्या आणि नको झालेली झाडं नदीत, विहिरीत, तलावात टाकू नका, मासेही नाही. खिडकीतल्या कुंडीत पुरल्या की उत्तम खत होतं.

मासे कधी

टँक भरल्यावर चार ते सहा आठवडे वाट बघायची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात, आणि ते झाडं घेतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, आणि हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला एवढा वेळ लागतो. टेस्ट किटवर दोन्ही शून्य दिसले की मासे. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. या काळात काचेवर तपकिरी पावडर जमते, ती डायाटम या सूक्ष्म शेवाळाची. नव्या टँकमध्ये होतेच, पुसून टाका.

एप्रिल-मेमध्ये जास्त लक्ष द्यावं लागतं. २० अंशाला पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी भरा, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात. लाइट गेली की फिल्टर थांबतो, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप घरात असू द्या.

६५ लिटरला निऑन टेट्रा, एम्बर टेट्रा किंवा रास्बोरा यांपैकी एकाच जातीचे दहा-बारा, आणि थोडे चेरी झिंगे. लहान मासा असला की दगड कड्याएवढा वाटतो. गोल्डफिश झाडं खातो, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न दगड उपसून ठेवतात. वास्तूसाठी अरोवाना हवाच असा घरातून आग्रह असेल तर तो मासा दोन-तीन फुटांचा होतो हे आधी सांगून टाका. आणलेली पिशवी पंधरा मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि मासे जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी बाहेरच टाका. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि लहान मुलं असलेले पाहुणे यायचे असतील तर खाण्याची डबी तेवढी कपाटाच्या वरच्या फळीवर.